थेट कारखान्यातून नवी गाडी : चाकणला जाऊन उचलता येते का?

डिचोलीकर

मंडळी, बाबांसाठी गाडी घ्यायची आहे. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, वय एकाहत्तर, सगळी हयात स्कूटरवर गेली. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून एकदाचे तयार झालेत. छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक हवी, मॉडेल ठरल्यात जमा आहे आणि ते चाकणला बनतं. दत्तजयंतीच्या आत दारात यावी अशी त्यांची इच्छा.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. मी काही वर्षं जर्मनीत ब्राउनश्वाइगला होतो. तिथं फोक्सवागनची गोल्फ गाडी घेतली आणि ती उचलायला थेट वोल्फ्सबुर्गला कारखान्याच्या दारात गेलो. आमच्याकडून लोकल ट्रेनने तासाभराच्या आतला प्रवास. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कालवा, पलीकडे कारखान्याच्या वीजघराच्या चार उंच चिमण्या, आणि कालव्यावरच्या पुलावरून चालत गेलं की आउटोश्टाट. फोक्सवागनने २००० साली उभारलेलं हे एक गावच आहे म्हणा. त्यात काचेचे दोन गोल मनोरे, प्रत्येकी ४८ मीटर उंच, वीस मजली. एकेका मनोऱ्यात ४०० कोऱ्या गाड्या फडताळात बरण्या ठेवाव्यात तशा रचून ठेवलेल्या. कारखान्यातून गाड्या भुयारातल्या पट्ट्यावरून मनोऱ्यात येतात. मधोमध एक यंत्र वर-खाली पळतं, आपली गाडी खणातून ओढून घेतं आणि खाली आणतं. तिथून गाडी आपल्यासमोर येईपर्यंत तिचं चाक जमिनीवर फिरत नाही.

गंमत म्हणजे नंबरप्लेटा मी घरून घेऊन गेलो होतो. तिथं नोंदणी आधी होते आणि प्लेटा आपण बाहेरच्या दुकानातून ठोकून घ्यायच्या असतात. दोन्ही प्लेटा भाजीच्या कापडी पिशवीत, आईने इथून दिलेल्या, जिच्यावर म्हापशाच्या साडीच्या दुकानाचं नाव. ताबा देणाऱ्या बाईंनी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली, घडी घालून परत दिली आणि मग प्लेटा बसवल्या. ते दृश्य डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा : चाकणहून पणजी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. बाबांना घेऊन जावं, कारखान्याच्या गेटवर चावी घ्यावी, स्वतः चालवत आणावी. कोणी केलंय का? डीलरचे पैसेही वाचतील असं शेजारी म्हणतात.

चाकणरिटर्न्ड

अकरा वर्षं चाकणला एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत काढली, आता फोंड्यात. सरळ उत्तर देतो : नाही. गेटवर सिक्युरिटी तुमचं ओळखपत्र बघेल, पाणी विचारेल आणि परत पाठवेल.

आपल्याकडे कंपनी गाडी विकते ती डीलरला, तुम्हाला नाही. लाइनच्या शेवटी गाडी स्वतःच्या चाकावर उतरली की रोलरवर ब्रेक आणि वेग तपासतात, पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करून गळती बघतात, छोट्या ट्रॅकवर फिरवतात, मग डिस्पॅच यार्डात. तिथं डीलरच्या नावाने बिल फाटलं की ती ट्रेलरवर चढते. आमच्यासोबत बसने जाणारे, खुद्द त्या कारखान्यात दारं बसवणारे कामगार, त्यांना सवलतीत गाडी मिळायची. तीसुद्धा डीलरकडूनच. स्वतः बसवलेलं दार उघडायला माणूस पिंपरीच्या शोरूममध्ये जाऊन हार घालून घ्यायचा.

मर्सिडीजचं थोडं वेगळं आहे. त्यांचाही कारखाना चाकणलाच. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांनी भारतात बिल कंपनीच्या नावाने द्यायला सुरुवात केली, साठा कंपनीचा, किंमत देशभर एक. पण ताबा पुन्हा डीलरच्या काचेच्या खोलीतच.

आणि एक विचारू? वोल्फ्सबुर्गला डीलरचे पैसे वाचले होते का तुमचे?

डिचोलीकर

पकडलंत. नाही वाचले. गाडी डीलरकडेच बुक केली होती, करार त्याच्याशी. वोल्फ्सबुर्गला ताबा घ्यायचा तर त्याचे पैसे वर वेगळे. त्यात जेवणाचं कूपन होतं एवढंच. त्या कूपनवर करीवुर्स्ट खाल्लं, म्हणजे मसाला भुरभुरलेलं सॉसेज. ते फोक्सवागनच स्वतःच्या खाटीकखान्यात १९७३ पासून बनवते आणि त्याला गाडीच्या भागासारखा पार्ट नंबर आहे : १९९ ३९८ ५०० ए. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग त्याची वॉरंटी किती?

कोकमसरबत

दहा लाखांची वस्तू, एवढा खल कशाला. जवळच्या शोरूममध्ये जा, चावी घ्या, नारळ फोडा, घरी या.

आरटीओग्रस्त

@कोकमसरबत, दहा लाखांची वस्तू आहे म्हणूनच खल.

@डिचोलीकर, कारखाना सोडा, पण पुण्यातल्या डीलरकडून घेऊन गोव्यात नोंदवणं शक्य आहे, कायदेशीर आहे, फक्त त्रास आहे. मी केलंय, कारण मला हवा तो रंग गोव्यात चार महिने मिळत नव्हता.

राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर नोंदणी डीलरच करतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायचीच नाही असा नियम आहे. दुसऱ्या राज्यात न्यायची तर तात्पुरती नोंदणी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं. मुदत सहा महिन्यांपर्यंत असते, पण म्हणून सहा महिने फिरवत बसू नका. इथल्या आरटीओत फॉर्म २० म्हणजे आपला अर्ज, फॉर्म २१ म्हणजे डीलरचा विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे कारखान्याचा रस्तायोग्यतेचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा, आणि रोड टॅक्स इथेच भरायचा. पुण्याचा डीलर चुकून महाराष्ट्राचा टॅक्स भरून मोकळा झाला तर परतावा मिळवता मिळवता मुलांची लग्नं होतील. बुकिंग करतानाच लेखी द्या : नोंदणी गोव्यात, टॅक्स तिथे. हायसिक्युरिटी पाटी पुन्हा वेगळी. माझी पाटी यायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात मला पत्रादेवीला दोनदा, मोलेला एकदा अडवलं. तीनही वेळा पोलीस तो पिवळा कागद बघून बुचकळ्यात.

पैसे वाचतात का? जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्याआधी वाचायचे. कुठे जकात, कुठे व्हॅट, त्यामुळे गावागणिक किंमत बदलायची. आता शोरूम किमतीत फारसा फरक उरलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के, तो इथंही आणि पुण्यातही. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. रोड टॅक्समध्ये फरक पडतो, पण तो तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतो. पुण्याला जाऊन तुम्ही टोलचे आणि दोन जेवणांचे पैसेच घालवाल.

माशेलची माई

बाबांना घेऊन जायचं या कल्पनेला माझं मत! पण एकाहत्तरीच्या माणसाला कोऱ्या गाडीत साडेचारशे किलोमीटर, आणि तुम्ही स्वतः दहा तास एका दमात? नव्या गाडीला पहिले हजारएक किलोमीटर जपायचं असतं. एकसारख्या वेगाने ताणायची नाही, पूर्ण अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. मी मुलीला गाडी शिकवली तेव्हा हेच सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. सातारा-कोल्हापूर हायवेवर गाडी नेमकी एकसारख्या वेगाने ताणली जाते. मग आजऱ्याकडून आंबोली उतरा, म्हणजे घाटात वेग तरी बदलता राहील.

नाहीतर गाडीलाच झोपवून आणा. २०२५ च्या चतुर्थीच्या आधी कोकण रेल्वेने खासगी गाड्यांची रो-रो, म्हणजे गाडी चालवत रेल्वेच्या वाघिणीवर चढवून न्यायची सोय, सुरू केली होती, कोलाड ते वेर्णा. तेव्हा गाडीला ७,८७५ रुपये होते, एका फेरीत ४० गाड्या. ट्रक तर १९९९ पासून असेच येतात.

आणि चाकाखालचं लिंबू एकच ठेवा. आमच्या गल्लीत एकाने चार चाकांखाली चार ठेवली आणि वरून सासूबाईंनी बॉनेटवर हळदीचा स्वस्तिक असा घासला की पॉलिशवाल्याने पाचशे घेतले.

चासीवाला

वाचून राहवलं नाही. तुम्ही काचेच्या मनोऱ्याचं सांगता, मी सांगतो कारखान्यातून गाडी आणणं म्हणजे काय असतं.

साल १९८८. आमच्या घरी खाणीवर दोन ट्रक. वडिलांनी तिसरा घेतला, टेल्को. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, आमच्या पिढीला तेच नाव येतं. गोव्याच्या डीलरकडून बिल, पण गाडी म्हणजे नुसती चासी. ती पिंपरीहून चालवत यायची. चासी पोचवणाऱ्या ड्रायव्हरांची एक वेगळीच जात होती. कंत्राटदार त्यांना खेपेवर पैसे द्यायचा. वडील म्हणाले, तू सोबत जा, नाहीतर रस्त्यात स्टेपनी बदलून टाकतील. माझं वय बावीस.

चासी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग, चाकं आणि मागे दोन लांब पोलादी पट्ट्या. केबिन नाही. समोर काच नाही. छप्पर नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर घोंगडी टाकून बसलेला, डोळ्याला वेल्डिंगवाल्याचा चष्मा, डोक्यामानेभोवती मफलर. मला बसायला खताच्या पोत्यात कोंबलेला पेंढा, दोरीने बांधलेला. जानेवारी महिना. खंबाटकीला पहाटे पोचलो तेव्हा बोटं हँडलपासून सोडवावी लागत होती. ड्रायव्हरने मला एक युक्ती शिकवली : चालता चालता हात बॉनेटच्या फटीपाशी धरायचे, इंजिनची ऊब येते. साताऱ्याच्या पुढे एक किडा असा येऊन कपाळावर आदळला की टेंगूळ आलं. वेग चाळीसच्या वर नाही. कोल्हापूरला मुक्काम, तोही चासीशेजारीच, कारण ड्रायव्हर बॅटरी सोडून झोपायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंबोली. वर धुकं होतं आणि समोर काच नसल्याने धुकं सरळ तोंडात येत होतं, पाणी प्यायल्यासारखं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग करून संध्याकाळी घरी. आईने ओळखलंच नाही, तोंड डिझेलने काळं. मग बॉडी बांधायला महिना गेला आणि त्या बॉडीवर पुढे 'आई सातेरीची कृपा' लिहिलं.

तो ट्रक २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा उभा राहिला तो उभाच. भंगारात दिला तेव्हा चासी नंबर मी नखाने गंज खरवडून वाचला होता.

जाता जाता : गोव्यात गाड्यांचा कारखाना नाही असं कोण म्हणतं? आमच्या सत्तरीत होंडा गावात टाटाच्या बसच्या बॉड्या बनतात. बाहेरचा पाहुणा आला की आम्ही सांगायचो, होंडाला टाटा बनते. त्याला वाटायचं आम्हीच प्यालोय.

डिचोलीकर

चासीवाला काका, दंडवत. माझ्या मनोऱ्यांची हवाच काढून घेतलीत. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, खंबाटकीच्या हाताला ते 'अरे अरे' म्हणाले.

तारवटी

मी जहाजावर. गाड्या वाहणाऱ्या जहाजावर दोन खेपा केल्या, जर्मनीतल्या एमडेन बंदरातून. फोक्सवागनच्या गाड्या तिथून चढतात. झिरो किलोमीटर वगैरे ऐकून हसू येतं. गाडी जहाजात स्वतः चालत चढते, तीसुद्धा उतारावरून उतारावर, शेजारच्या गाडीला हाताचं अंतर ठेवून. चालवणारा दिवसभरात शेकडो वेळा चढतो-उतरतो. त्याला गाडी नवी की जुनी, फरक पडत नाही. ओडोमीटरवर थोडे किलोमीटर असणं वाईट नाही. कोणी चालवले हे कळलं पाहिजे.

चाकणरिटर्न्ड

तारवट्याने मुद्द्यावर बोट ठेवलं. @डिचोलीकर, तुम्हाला खरं तर काय हवंय? गेट की कोणी हात न लावलेली गाडी? दुसरं हवं असेल तर ते डिचोलीत बसून मिळतं. नोंदणीच्या आधी, पूर्ण पैसे भरायच्या आधी, डीलरच्या स्टॉकयार्डात जाऊन गाडी बघायची. शोरूममध्ये नाही. शोरूममध्ये ती धुऊन पुसून, अत्तर मारून उभी असते.

सतरा अक्षरांचा चासी नंबर आधी मागून घ्या. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधी नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर सालाचं : आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. महिन्याचं अक्षर कंपनीगणिक वेगळ्या जागी, पण फॉर्म २१ वर बनावटीचा महिना-साल लिहावाच लागतो, तो मागा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर आसपासच्या आठवड्यांचे हवेत. सगळ्या काचांवरचे शिक्के सारखे हवेत. एखादीच काच वेगळी दिसली तर ती का बदलली ते विचारा. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला दिसला तर पान्हा लागलाय. आणि दुपारच्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

आत्ता डिसेंबर आहे, म्हणजे सगळे सवलत देतील. घ्या, पण ती उन्हाळ्यात बनलेली असेल तर आणखी कमी करून घ्या. विकताना ती २०२५ चीच गणली जाणार.

डिचोलीकर

अपडेट. चाकणचा नाद सोडला. बाबांना घेऊन काल स्टॉकयार्डात गेलो. डीलरचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण, आत काजूची झाडं आणि झाडांखाली चाळीसेक गाड्या, पाचोळ्याने झाकलेल्या. आमच्या नावाने ठेवलेली गाडी दाखवली. बाबा वही घेऊन आले होते. त्यांनी चासी नंबर शाळेच्या हजेरीपटासारखा एकेक अक्षर मोठ्याने वाचत उतरवला आणि मग तपासून खाली रेघ मारली. दहावं अक्षर एस. ठीक. टायर एप्रिल महिन्यातले. ओडोमीटर ८६.

सेल्समन पोरगा म्हणाला, 'सर, ट्रेलर बाहेर लागतो ना, तिथून चालवत आणतो.' बाबांनी विचारलं, 'ट्रेलर कुठे लागतो?' तो म्हणाला, 'इथेच, कोपऱ्यावर.' बाबा म्हणाले, 'मग हा कोपरा शहाऐंशी किलोमीटरवर आहे.' चाळीस वर्षं गृहपाठ न करणाऱ्यांशी ज्या आवाजात बोलले, तोच आवाज.

ग्लव्हबॉक्स काढून मागचा एसीचा फिल्टर बघितला. त्यावर काजूच्या पानाचे तुकडे आणि तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या. उंदराने आमच्या आधी ताबा घेतलेला. सात-आठ महिने गाडी तिथंच उभी असणार.

मॅनेजर आला, 'साफ करून देतो' म्हणाला. बाबांनी वही मिटली आणि म्हणाले, ही नको. अर्धा तास वाद झाला. बुकिंगचे पैसे परत मागितल्यावर आवाज खाली आला. नवा माल चाकणहून निघतोय, त्यातली देतो, नंबर आधी कळवतो, असं ई-मेलवर लिहून घेतलं. दत्तजयंती आता चुकणार. बाबा म्हणाले, दत्तमहाराज तीन तोंडांनी बघतायत, समजून घेतील.

माशेलची माई

बाबांना सांगा, माशेलला एक पंखा आहे.

आरटीओग्रस्त

उंदराची तक्रार वायरिंगसाठी गंभीर आहे. बरं केलंत. विमा कुठूनही घेता येतो, डीलरचाच घ्या अशी सक्ती नाही, त्या वादातही हे लक्षात ठेवा. 'हँडलिंग चार्ज' नावाची ओळ बिलात दिसली तर कशाची हाताळणी ते विचारा. उंदराची म्हणतील.

डिचोलीकर

शेवटचं अपडेट.

गुरुवारी रात्री फोन आला, ट्रेलर अनमोड घाट उतरला, पहाटे पोचेल. मी येऊन बघू का विचारलं तर पोरगा म्हणाला, 'सर, कोण बघायला येत नाही.' पहाटे साडेपाचला बाबा स्वेटर घालून दारात उभे.

आठ गाड्यांचा ट्रेलर रस्त्याकडेला, ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होता. आम्हालाही दिला. आमची वरच्या मजल्यावर, मागून दुसरी. आधी खालच्या उतरल्या. चाकांवरून बांधलेले पट्टे त्याने सोडले, लोखंडी फळ्या लावल्या, आणि गाडीत बसून दार उघडं ठेवून, मान बाहेर काढून, उलटी खाली आणली. पूर्ण वेळ एकच चाक बघत होता. फळी दोन्ही बाजूंना वीतभर. बाबांनी तेवढ्या वेळात चहाचा घोटही घेतला नाही. गाडीवर खंबाटकी, कोल्हापूर, बेळगाव सगळीकडची धूळ, काचेवर खडूने लिहिलेला आकडा, दारांना निळा चिकट फोम.

टॉर्च लावून नंबर जुळवला. टायर नोव्हेंबरचे. ओडोमीटर ९. बाबांनी वहीत लिहिलं : नऊ. ड्रायव्हरला शंभर रुपये द्यायला गेले तर तो लाजला, म्हणाला, पहिल्यांदाच कोणी मालक उतरवताना आला.

मग पाच दिवसांनी नोंदणी, जीए ०४ ची पाटी, साखळीच्या दत्ताला नारळ. लिंबू एकच ठेवलं, माई.

माशेलची माई

शाब्बास! सीटवरचं प्लास्टिक काढलं का? बाजूच्या एअरबॅगला अडथळा होतो हं.

डिचोलीकर

सीटवरचं काढलं, त्यासाठी दोन दिवस भांडलो. सन-व्हायझरवरचं अजून आहे. संक्रांत होऊ दे म्हणतात.